ठेवलेलं आणि जपलेलं

उन्हाळा लागला की आमच्या अकोटात घरोघरच्या गच्च्या भरून जातात. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरड्या, पापड, शेवया वाळत पडलेल्या. पण वाळवणाइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम याच दिवसांत व्हायचं. वर्षभराचा गहू, तूर, हरभरा कोठीतून बाहेर काढायचा, उन्हात पसरायचा, किडका वेचायचा आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून पुन्हा भरायचा. गोधड्या झटकायच्या. ट्रंकेतले शालू-शेले उलगडून त्यांची जुनी घडी मोडायची आणि दुसरी घालायची, म्हणजे ते घडीवर फाटत नाहीत. लहानपणी मी वैतागून आईला विचारायचो, ''चांगलं तं हाय, काहून काढतं वं माय?'' आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, ''नुसतं ठेवलं म्हनजे जपलं असं नसते, बाप्पा!''

पुढं पस्तीस वर्षं मी बँकेत काढली. लोकांचे पैसे, दागिने, कागदपत्रं ठेवून घेणं हाच माझा धंदा होता. तरीही आईच्या त्या वाक्याचा खरा अर्थ मला साठी उलटल्यावर कळला. आणि कळला तेव्हा हरवण्याच्या बेतात होता तो तिचाच आवाज.

झालं असं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न १९८९ च्या मे महिन्यात अकोटलाच झालं. त्या काळी लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढणं ही चैन समजली जाई. व्हिडिओवाला खांद्यावर जडशीळ कॅमेरा घेऊन पुढं आणि त्याचा पोऱ्या प्रखर दिवा उंच धरून मागं! तो दिवा तोंडावर आला की भल्याभल्या आत्याबाई पदर सावरून पुतळ्यासारख्या उभ्या राहत. माझी आई मात्र त्या दिव्यातूनही कामं करत फिरत होती. पुढं २००१ मध्ये ती गेली. तिचा बोलता-चालता असा पुरावा आमच्याकडे या एका कॅसेटीतच होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्याच बहिणीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. या भाचीनं आजीला पाहिलं ते दोन वर्षांची असताना, म्हणजे न पाहिल्यासारखंच. बहीण म्हणाली, ''दादा, हळदीच्या दिवशी पोरीला आईचा आवाज ऐकवू. ती कॅसेट तुझ्याकडे आहे ना?'' मी तोऱ्यात उत्तर दिलं, ''एक सोडून चार ठिकाणी आहे!'' बँकेतला माणूस ना मी!

त्या चार ठिकाणांची कथा ऐका. पहिलं ठिकाण पेनड्राइव्ह. तो संगणकाला लावला. 'लग्न १९८९' असं नाव दिसलं, शेजारी छोटंसं चित्र, चित्राच्या कोपऱ्यात वाकडा बाण. उघडेना. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा बोलावला. तो म्हणाला, ''काका, हा तर शॉर्टकट आहे.'' म्हणजे काय, तर मी व्हिडिओ उचललाच नव्हता. व्हिडिओ कुठं ठेवला आहे हे सांगणारी चिठ्ठी तेवढी उचलून पेनड्राइव्हवर टाकली होती. सोनं घरी विसरून सोनाराची पावती लॉकरमध्ये ठेवावी, तशातला प्रकार! सात वर्षं मी ती पावती जपत होतो.

दुसरं ठिकाण मुलाची हार्ड डिस्क. मूळ व्हिडिओ तीवर होता आणि ती आता पुण्याला त्याच्याकडे होती. डिस्क म्हणजे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी. तिच्या पृष्ठभागाला न शिकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून एक डोकं तिच्यावरची नोंद वाचत असतं. ही डिस्क कधीतरी टेबलावरून पडली होती. लावली की आतून टक्-टक् असा आवाज येई. मुलानं आशेपोटी ती वीसदा चालू-बंद करून पाहिली आणि तिथंच चुकलं. असा आवाज आला की डिस्क ताबडतोब बंद करायची असते. प्रत्येक फेऱ्यागणिक ते डोकं तबकडीवर ओरखडे काढतं आणि उरलंसुरलंही जातं.

तिसरं ठिकाण २००८ साली करून घेतलेली डीव्हीडी. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, त्यावर लेझरनं नोंद होते. ऊन, उष्णता आणि काळ यांनी तो रंग उतरतो. आमच्या वऱ्हाडातला मे महिना तर माणसाचाही रंग उतरवतो! डीव्हीडीची कडा तपकिरी पडली होती. पंधरा मिनिटं फिरफिर फिरून यंत्रानं ती बाहेर टाकली.

राहिली चौथी जागा, म्हणजे मूळ कॅसेट. ती कुठं आहे हे मला माहीतच नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींना माहीत होतं. माळ्यावरच्या ट्रंकेत, पितळी भांड्यांच्या खाली. काढली, तर काचेतून दिसणाऱ्या फितीच्या कडेला पांढरीशुभ्र बुरशी!

इथवरची गोष्ट कुणाच्याही घरची असू शकेल. पण आता कबुलीजबाब द्यायला हवा. बुरशी नसती तरी त्या कॅसेटीत लग्न पूर्ण उरलं नव्हतंच. ते मी स्वतः पुसलं होतं. ९ मार्च १९९६, शनिवार. बंगळूरला विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी धावत घरी आलो, हाताला लागेल ती कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि लाल बटण दाबलं. अजय जडेजाच्या २५ चेंडूंतल्या ४५ धावा टिपल्या. आमीर सोहेलनं बोट दाखवून डिवचलं आणि पुढच्याच चेंडूवर वेंकटेश प्रसादनं त्याचा त्रिफळा उडवला, तेही टिपलं. आपण ३९ धावांनी जिंकलो. आठवड्यानं कळलं की जडेजाखाली सीमांतपूजन गेलं आणि प्रसादखाली मंगलाष्टकं! कॅसेटीच्या पाठीच्या कडेला एक चिमुकली प्लॅस्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटीवर पुन्हा काही भरता येत नाही. पैशाचा खर्च नाही, नखानं होणारं दोन सेकंदांचं काम. ते मी केलं नव्हतं.

असा हलगर्जीपणा फक्त अकोटातच होतो असं समजू नका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्या दृश्यांच्या मूळ चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं अमेरिकेच्या नासा संस्थेनं २००९ मध्ये शोधाशोध करून जाहीर केलं. फिती महाग होत्या, नव्या कामाला हव्या होत्या. मग त्या दृश्यांची डागडुजी झाली ती कशावरून? ठिकठिकाणच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी प्रक्षेपण करताना ज्या प्रती ठेवल्या होत्या, त्यांवरून. धन्याकडचं गेलं आणि शेजाऱ्याकडचं कामी आलं!

खरं तर हा धडा मला बँकेनं कधीच शिकवला होता. रंगराजन समितीचे अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले आणि मग बँकांत हळूहळू संगणक शिरले. आमच्या शाखेत ते आले तेव्हा आम्ही त्यांना नव्या सुनेसारखं वागवत असू. वातानुकूलित खोली, चपला बाहेर! रोज संध्याकाळी दिवसाचे व्यवहार बंद झाले की सगळ्या नोंदी फ्लॉपींवर उतरवायच्या, त्याला 'बॅकअप' म्हणायचं, रजिस्टरमध्ये तारीख घालून सही करायची. एक संच तिजोरीत, दुसरा अधिकाऱ्याच्या घरी. आग लागली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून. मी ते काम मोठ्या निष्ठेनं करी. एकदा तपासणीला एक साहेब आले. मी अभिमानानं रजिस्टर पुढं केलं. एकही दिवस चुकला नव्हता. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, ''सह्या पाहिल्या. आता फ्लॉपी उघडून दाखवा.'' दहा फ्लॉपी उघडल्या. तीन उघडल्याच नाहीत. त्या तिन्हींच्या पुढं रजिस्टरात माझी ठसठशीत सही होती. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ''तुम्ही बॅकअप घेत नव्हता, सह्या करत होता.''

अगदी हेच जगातल्या एका नामांकित संगणकी चित्रपट कंपनीत घडलं. पिक्सार ही ती कंपनी. १९९८ साली तिथं 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना कुणाकडून तरी एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि बघता बघता पडद्यावरून चित्रपटाचे भाग नाहीसे होऊ लागले. चिंता नको, बॅकअप आहे, असं म्हणून तो काढला, तर गेला महिनाभर तो नीट घेतलाच जात नव्हता. कुणी उघडून पाहिलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यासाठी त्यांनी चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. ती दोनेक आठवडे जुनी होती, पण होती! सहकाऱ्यांनी तो संगणक पांघरुणात गुंडाळून, लेकराला आणावं तसा मोटारीतून आणला. तान्ह्या बाळाच्या पायगुणानं एक अख्खा चित्रपट वाचला म्हणा ना!

आपल्या घरची चित्रं गेली तर गेली, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण देशाच्या आठवणीही अशाच घराघरांतून गेल्या आहेत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला. चार रिळांचा तो चित्रपट. आज पाहायला मिळतात ती पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं, आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतली असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असे. चित्रपटगृहातून उतरलेली जुनी रिळं चांदी काढण्यासाठी विकली जात. म्हणजे ज्यांनी ती बनवली, त्यांनाच ती रद्दी वाटत होती.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. पी. के. नायर या माणसानं तिथं हयात घालवली आणि गावोगावच्या कोठ्या-गोदामांतून रिळं गोळा केली. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' आज बराचसा पाहायला मिळतो. त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. माझ्या दृष्टीनं एका बापानं टिपलेली ती आपल्या लेकीची चित्रफीतच आहे, आणि शंभर वर्षांनंतरही ती पोर यमुनेत उडी घेते आहे! पण संग्रहालय झालं म्हणून धोका टळला असं नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेटच्या रिळांच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या काळचा मोठा ठेवा भस्मसात झाला. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच साध्या, न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते वाचले. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आपण आजही पाहतो. ज्यांची दुसरी प्रत नव्हती, ते गेले.

आणि इतकं लांब पुण्याला तरी कशाला जायचं? आमच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ तो. ज्यानं प्रसंग पाहिला त्याच्याकडे स्वतः जाऊन ते विचारत आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेत. महानुभाव परंपरा सांगते की पुढं खलजीच्या फौजेच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. तरी ग्रंथ राहिला, कारण तो माणसांना पाठ होता. हिराइसा नावाच्या बाईंच्या स्मरणातून त्याचा पाठ पुन्हा उभा राहिला. 'हिराइसा पाठ' म्हणून तो ओळखला जातो. कागदावरची प्रत गेली, पण दुसरी प्रत एका बाईच्या डोक्यात होती आणि ती रोज उघडली जात होती! नित्य म्हणणं, नित्य आठवणं हाच तर त्या पंथाचा परिपाठ. म्हणून ती प्रत ऐनवेळी दगा देऊन गेली नाही.

त्याच पोथ्यांनी दुसरंही काही शिकवलं आहे. महानुभावांनी पुढं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथी समोर आहे, शाई शाबूत आहे, पण बाहेरच्या माणसाला अक्षर लागत नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठं तो खजिना अभ्यासकांना वाचता आला. आमच्या कॅसेटींचं तसंच होऊ घातलं आहे. फीत आहे, यंत्र नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीसीआर बनवणारी तीच शेवटची मोठी कंपनी होती. आता जुनी यंत्रं आहेत तोवरच फिती वाचता येणार. युनेस्कोनं २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांना चुंबकीय फितींबद्दल हाच इशारा दिला होता. अकोटकरांना हे वेगळं समजवायला नको. आमची अकोला-अकोट-खंडवा मीटरगेज गाडी २०१७ साली बंद झाली. अकोल्यापर्यंतची ब्रॉडगेज गाडी सुरू व्हायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. जुने डबे धडधाकट असले म्हणून काय झालं? रूळच बदलले, की डबा नुसता लोखंडाचा खोका! रूळ बदलण्याआधी माल नव्या डब्यात चढवायला हवा.

तरुण मंडळी म्हणतील, ''काका, आता हे सगळं जुनं झालं. आता क्लाउड आहे.'' आहे ना, आणि तो चांगलाच आहे. पण या ढगाविषयी एका जुन्या बँकवाल्याच्या दोन शंका ऐकून घ्या. पहिली अशी : बऱ्याच फोनांत क्लाउड म्हणजे आरसा असतो. इकडे फोनमधला फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. काही दिवस तो कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. आरशाला कुणी तिजोरी म्हणत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. बँकेत तुमच्या बचत खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारविषयक निधीत जातात. पण त्यानंतरही वारसाला ते मागता येतात. गुगलचं तसं नाही. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकता येईल, असा नियम कंपनीनं २०२३ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू केला. तिथं गेलेली ठेव परत मागायला खिडकी नाही!

बँकेत मी आयुष्यभर लोकांच्या मागं लागून नॉमिनीचे फॉर्म भरून घेतले. लोक हसत, ''साहेब, मी एवढ्यात मरत नाही!'' म्हणत. पण अशांच्याच विधवा पुढं माझ्या टेबलासमोर पदराच्या टोकाशी चाळा करत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आज घरातले दहा-पंधरा वर्षांचे सगळे फोटो एका माणसाच्या फोनमध्ये आणि त्याचं कुलूप त्याच्या डोक्यात, अशी अवस्था आहे. त्या माणसाचं बरंवाईट झालं तर घरच्यांनी चावी कुठून आणायची? गुगलमध्ये २०१३ पासून आणि अ‍ॅपलमध्ये २०२१ पासून आपल्या पश्चात कुणाला प्रवेश द्यावा हे नेमून ठेवायची सोय आहे. ती किती जणांनी वापरली आहे, हे वाचकांनी स्वतःला विचारावं.

तेव्हा माझं म्हणणं असं की दोष यंत्राचा नाही. कॅसेट असो, डिस्क असो की क्लाउड, प्रत्येक वस्तू कधी ना कधी बिघडणारच. दोष आपल्या सवयीचा आहे. आपण ठेवतो आणि विसरतो, आणि विसरण्यालाच जपणं म्हणतो. शिवाय हे जपणं आपण घरातल्या एकाच माणसावर सोपवतो, ''त्याला त्यातलं कळतं'' म्हणून. बँकेची तिजोरी एका किल्लीनं कधीच उघडत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं. याला आम्ही 'जॉइंट कस्टडी' म्हणत असू. अविश्वास हे त्याचं कारण नव्हे. एक माणूस चुकतो, आजारी पडतो, विसरतो, हे गृहीत धरलेलं असतं. घराच्या आठवणींनाही दोन किल्लीदार हवेत, आणि त्यातली एक घरची बाई असावी. माळ्यावरच्या ट्रंकेचा ठावठिकाणा कुणाला माहीत होता, ते वर सांगितलंच आहे.

आमच्या घरी आता काय नियम केला आहे, तो सांगतो. छायाचित्रकारांत तीन-दोन-एक असा एक हिशेब सांगतात. कोणत्याही मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमची एक प्रत घरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर, एक बहिणीकडे. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता; वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची ती वस्तू नव्हे. फोनच्या कार्डावरचं चुकून पुसलं गेलं, तर त्यावर नवा फोटो एकही काढायचा नाही. पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर दुसरं लिहिलं गेलं की होते. माझं मंगलाष्टक आठवा. 'फॉर्मॅट करायचं का?' असं संगणकानं विचारलं तर 'नाही' म्हणायचं आणि जाणकाराला गाठायचं. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालायची नाही. यंत्र बिघडतं आणि त्यातून दुसऱ्या कॅसेटीलाही लागण होते. आणि हो, गव्हासारखी ती उन्हातही घालायची नाही! कॅसेटीला ऊन मारक आहे. तिला आपली नजर दाखवायची.

सगळंच ठेवायच्या मागंही लागू नये. एका लग्नाचे तीन हजार फोटो कुणी पाहत नाही आणि जे कुणी पाहत नाही ते उघडून तपासणार कोण? आई गहू निवडून भरत असे, तसं निवडावं. वर्षाकाठी अर्धा तासभराचं चित्रण, शंभरेक फोटो. त्यावर तारीख, गाव आणि माणसांची नावं. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी होतो. आणि वर्षातून एक दिवस, आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा रविवार, सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येक प्रत उघडून पाहायची. नुसतं नाव दिसतं का ते नव्हे. सुरुवात, मधला भाग आणि शेवट चालवून पाहायचा. त्या रविवारी पितरांच्या नावानं घागर भरतो, पुरण होतं, आणि जेवणं झाल्यावर हा कार्यक्रम. पोरं सुरुवातीला कुरकुरली. आता आपले लहानपणचे बोबडे बोल ऐकायला तीच पुढं बसतात.

आता त्या कॅसेटीचं काय झालं? अमरावतीत एक गृहस्थ जुने व्हीसीआर सांभाळून हे काम करतात असं कळलं. मी गेलो. त्यांनी कॅसेट खोलली. अर्धा इंच रुंदीची ती लांबलचक फीत हळूहळू हातानं फिरवत, मऊ कापडानं बुरशी पुसत दुसऱ्या खोक्यात चढवली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती लावली आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. जडेजा आला. प्रसाद आला. लोकांचा जल्लोष झाला. मी मान खाली घालून बसलो होतो. मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकाएकी अकोटच्या आमच्या घराचं दार दिसलं. पाठवणी चालली होती. फितीच्या टोकाला, सामना जिथवर पोचला नव्हता तिथं, चार-पाच मिनिटं लग्न शिल्लक होतं.

बहीण रडते आहे, आत्याबाई रडताहेत, बाबा खांबाला धरून उभे आहेत. आई दारातून बाहेर येते. डोळ्यांना पदर लावलेला. मला वाटलं, आता लेकीला काही सांगेल. तिनं पदर खाली केला, गर्दीत कुणाला तरी शोधलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, ''बँडवाल्याईले चहा देल्ला का रे?''

तो 'रे' म्हणजे मी. पडद्यात मी कुठं दिसत नाही. माझं उत्तरही ऐकू येत नाही. हळदीच्या दिवशी भाचीनं तेवढं वाक्य पाच वेळा लावून ऐकलं, आणि मांडवात बँडवाले आले तेव्हा कुणी न सांगता स्वतः उठून त्यांच्या चहाचं पाहायला गेली.